पाण्यावरची रेघ

आधी पाय, मग दिवा, मग मी.
शेताचा मालक वर अंजिराखाली सिगारेट ओढत बसलेला.
त्याला अजूनही पटत नाही
की त्याच्या बदामांच्या मुळांखाली समुद्र आहे.

आहे.
किनाऱ्यापासून चारशे पावलं आत,
लाटांशिवायचा, वाऱ्याशिवायचा.
बंदरात पाणी बोटभर चढलं की
इथे काळोखातही ते बोटभर चढतं,
जरा उशिरा,
दूरच्या नात्यात निरोप पोचावा तसं.

छताला लवणस्तंभ लोंबतात,
आमच्या माजघरात टांगलेल्या सोब्रासादासारखे.
काहींची टोकं पाण्यात बुडालेली.
जिथे पाणी टेकतं, नेमकं तिथेच
दगडानं बाळसं धरलंय,
गोल, खरबरीत, मुठीएवढं.
एउलालिया म्हणाली, हे नको, दामिया. वर बघ.

वर बघितलं.
दीड पुरुष उंचीवर, कोरड्या हवेत,
तेच बाळसं. या खांबाला, त्या खांबाला,
पार पलीकडच्या भिंतीपर्यंत
सुतळी ताणल्यासारखं एका रेषेत.

मी काही बोललो नाही.
दिवा धरून उभा होतो
आणि डोक्यावरून गेलेलं पाणी
मला आत्ता दिसत होतं.

लहानपणी दर सप्टेंबरात
मला दोरानं घराच्या टाक्यात सोडायचे,
पावसाआधी भिंती घासायला.
चुन्याची पांढरी वळी, एकाखाली एक.
आई वरून वाकून ओरडायची,
ते सगळ्यात वरचं घासू नकोस!
त्या साली बिएल मार्सेयला गेला.
टाकं काठोकाठ होतं
आणि प्यायला घरात माणूस नव्हतं.

एउलालियानं पेन्सिलीएवढी कांडी काढली.
ड्रिलचा आवाज त्या पाण्यानं
याआधी कधी ऐकला नसणार.
ती नोंदी लिहीत होती तेवढ्यात
मी ओली माती बोटानं भोकात दाबली.
तिनं पाहिलं. विचारलं नाही.

आठ महिन्यांनी आकडा आला:
एक लाख सोळा हजार वर्षं, अधिक-उणे नऊशे.
आईनं चष्मा लावून तो दोनदा वाचला.
नऊशे वर्षं इकडेतिकडे चालतात?
माझा पाव दहा मिनिटं इकडेतिकडे झाला
तर तुझा बाप जेवत नसे.
मग, पाव कापता कापता,
तेव्हा आपलं घर कुठे असतं रे?

होडीघर बुडालेलं, मी म्हटलं. अंगण ओलं.
स्वयंपाकघराचा उंबरा, बहुधा, काठावर.
तिनं उंबऱ्याकडे पाहिलं,
त्यावर झोपलेल्या मांजराकडे पाहिलं.

पाण्यावर ओढलेली रेघ टिकत नाही
असं आपण म्हणतो,
आणि टिकायचं ते काळ्या दगडावर ओढतो.
तिथे खाली पाणीच दगडावर ओढत बसलं होतं.
पण त्याला एका जागी थांबावं लागतं,
एउलालियानं सांगितलं,
शेकडो वर्षं, फार तर बोटभर इकडेतिकडे.
घाईनं चढणारं पाणी काही लिहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात होडीघराच्या तिसऱ्या पायरीला
दोनदा पाणी लागलं.
मी खडूनं खूण केली होती.
एप्रिलमध्ये शोधली, सापडली नाही.

आता नळ आहे, टाक्याची कुणाला गरज नाही.
तरी या सप्टेंबरात मी उतरलो.
खांदे तोंडाशी अडकले, आईनं वरून ढकललं.
ब्रश, बादली, ओळखीचा दमट वास.
खालची वळी घासली, मधली घासली.
वरच्यापाशी हात थांबला.

काय रे, झालं का? वरून आवाज आला,
आणि टाक्यानं तो
माझ्याआधी ऐकला.